चित्रातली बाई

"नाव?"

"शालूबाई गणपती माने."

"वय?"

"त्रेसष्ट."

"धंदा?"

"आरोग्य सेविका. म्हंजे होते. रिटायर हाय मी."

हवालदार नाथाजींनी टायपिंग थांबवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "ते झालं वो सिस्टर. आता काय करता? सध्याचा धंदा लिवाय लागतोय."

शालूबाईंनी मांडीवरची पिशवी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर घेतली. खुर्चीत बसल्यापासून ही त्यांची तिसरी खेप. "चिपा इकते," त्या म्हणाल्या.

"कसल्या चिपा?"

"बटाट्याच्या न्हाईत, येवढं लिवा."

नाथाजी खुदकन हसले आणि आतल्या खोलीकडे बघून लगेच गप्प झाले. आत साहेब होते. जे हसू आलं होतं ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

काल दुपारी फोन आला तेव्हा शालूबाई वाल सोलत होत्या. "तुमच्यावर अर्ज आलाय. अश्लील फिल्मा पोस्टानं विकता म्हणून." त्यांना वाटलं, राँग नंबर. त्यांनी तसं सांगितलंही. पलीकडच्या माणसानं मग त्यांचं नाव, गाव, तालुका तासगाव, पिनकोडसकट वाचून दाखवलं. अश्लील हा शब्द त्यांनी पेपरात वाचला होता. तो आपल्या नावाला कधी चिकटेल असं त्रेसष्ट वर्षांत डोक्यात आलं नव्हतं. रात्रभर कूस बदलली, आणि पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं निघाल्या. विट्याला गाडी बदलली. पुढच्या गाडीत तीनदा जागा बदलली. कंडक्टर म्हणालासुद्धा, "मावशी, बसा की एका जागी. शीट चावतंय का तुमाला?"

म्हसवडच्या अलीकडचं हे गाव त्यांना नवं नव्हतं. इथल्याच उपकेंद्रात त्यांनी अकरा वर्षं काढली होती. स्टँडपासून ठाण्यापर्यंत चालत येताना दोन घरांतल्या बायांनी हाक मारली, "सिस्टर, इकडं कुनीकडं?" आणि शालूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा या गावात खोटं सांगितलं, "देवाला आलेय."

साहेबांनी आत बोलावलं. जयराज साहेब तरुण होते, आवाज चढवणाऱ्यातले नव्हते. टेबलावर फिकट पिवळं पाकीट पडलं होतं, एका बाजूनं फाडलेलं, शेजारी कापसावर मोबाइलमध्ये घालायची नखाएवढी चिप. त्यावर शालूबाईंचं गोल, रजिस्टरातलं अक्षर: सौ. अंकिता वीरधवल शिंदे. खाली लाल शाईनं, अधोरेखित करून, "फक्त प्रौढांसाठी". पाठीमागे स्वतःचा पूर्ण पत्ता.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"व्हय."

"याचा अर्थ माहीत आहे?"

"न माहीत असाय काय झालं? आमच्या रजिस्टरात रकाने असायचे साहेब. बालक, किशोरी, गरोदर, प्रौढ. हे प्रौढांच्या रकान्यातलं काम. पोरींच्या हाती जाऊ नये म्हणून लाल शाईनं लिवते."

दाराशी खुर्ची टाकून बसलेले नानासो मोठ्यानं हसले. ठाण्यासमोर त्यांचं चहाचं हॉटेल. पंच लागला की नाथाजी खिडकीतूनच हाक मारायचे, इतके ते ठाण्याचे झालेले. "आवं सिस्टर, टॉकीजच्या बोर्डावर असतंय ते! रात्रीच्या खेळाला! अकरा वरसं हितं र्‍हायला आन् तुमाला ठावं न्हाई?"

"मी रातच्याला बाळंतपणं करत हुते नानासो. खेळ तुमी बघितलं आसतील."

नानासोंच्या शेजारी बसलेला पानपट्टीवाला फिदीफिदी हसला. तो दुसरा पंच. साहेबांनी पेन टेबलावर आपटलं तसे दोघे गप्प झाले.

भिंतीला टेकून एक जवान उभा होता. बारीक कापलेले केस, सरळ पाठ. साध्या कपड्यांतही फौजी लपत नव्हता. हा वीरधवल, अंकिताचा नवरा. अर्ज यानंच दिला होता. सुट्टीवर आला, डब्यातल्या डाळीत हे पाकीट सापडलं.

"मी तिकडं बॉर्डरवर," तो म्हणाला. "आन् हिकडं माज्या बायकूच्या नावानं असलं पाकीट! काय समजायचं मी? तुमीच सांगा."

"किती बघितलंस तू?" शालूबाईंनी विचारलं.

"पैलं मिन्ट. बाई दिसली, तसं बंद केलं."

"दुसरं बघायचं हुतंस."

साहेबांनी कायद्याचं पुस्तक पुढं ओढलं. नवं कोरं, अजून पानं एकमेकांना चिकटलेली. "आधी कलम दोनशे ब्याण्णव होतं, आता दोनशे चौऱ्याण्णव. नंबर बदलला, गोष्ट तीच. अश्लील वस्तू विकणं, विकायला पाठवणं. बाई, तुम्ही पैसे घेऊन पाठवता ना? व्ही.पी.नं?"

"व्हय."

"का? फुकट का नाही वाटत?"

शालूबाई पुढं सरकल्या. एवढ्या सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी कामाचं विचारलं होतं. "साहेब, साध्या टपालानं धाडलं की पाकीट वसरीवर पडतंय. सासरा फोडतोय, दीर फोडतोय. व्ही.पी.ला कसं, पोस्टमन नाव इचारतो, पैसे मागतो, तवा हातात देतो. दुसरं कोण पैसे देऊन पाकीट घेतंय? ज्या बाईनं मागवलंय ती आपल्या कनवटीतनं काढून देती. बाईच्या हातातच पोचतंय. व्हॉट्सॅपवर सोडलं तर गावभर व्हईल. चिप कशी, पदराच्या गाठीला र्‍हाती."

"म्हणजे नेमक्या बाईच्या हातात पोचावं म्हणून विकता."

"तसंच."

साहेबांनी कपाळ चोळलं. "आणि कायद्याला पहिला शब्द लागतो तो विकण्याचाच." त्यांनी पान उलटलं. "हे बघा, इथं सूट पण आहे. शास्त्रासाठी, शिक्षणासाठी, लोकांच्या भल्यासाठी असेल तर. पण ते मी ठरवत नाही. डॉक्टरांचा अभिप्राय मागवू, मग वरनं काय येईल ते. मला आज फक्त पंचनामा करायचाय. चिपेत काय आहे, आणि..." ते थांबले. "आणि यातली बाई कोण आहे."

शालूबाईंनी पिशवी पुन्हा दुसऱ्या गुडघ्यावर घेतली.

"चेहरा दिसत नाही असं अर्जात आहे. गळ्यापासून खाली. कोण ती? तिला माहीत होतं का, कशासाठी घेताय ते? तुम्ही सरकारी नोकरीत होता, बाया तुमच्यासमोर उपचाराला कपडे काढणार. त्यातल्या कुणाचं फसवून घेतलं असेल तर बाई, मग साधी केस राहत नाही. तिचा जबाब लागेल मला."

बाहेर बाजाराचा दिवस होता. भोंग्यावरून कुणीतरी कांदा ओरडत होता.

सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या अखेरच्या वर्षी, त्या बायांना जमवून छातीतली गाठ चाचपायला शिकवायच्या. बाजरी भरलेली कापडी पिशवी हातात द्यायच्या. आत कुठंतरी एक चिंचोका. बोटांच्या पेरांनी, गोल गोल, दाबून हुडका म्हणायच्या. बाया हसून हसून लोळायच्या. चिंचोका सापडायचा, पण घरी जाऊन स्वतःला हात लावायला एकही तयार नव्हती. "शी, आसलं काय करत्यात का?" त्याच वर्षी वरच्या वस्तीवरची एक बाई, दोन लेकरांची आई, गाठ फुटून वास सुटल्यावर दवाखान्यात आली. काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

शिकवताना खरं अंग दाखवलं पाहिजे, एवढं शालूबाईंना कळलं. आशाताईंना विचारलं, अंगणवाडीतल्या बायांना विचारलं. चेहरा दाखवणार नाही म्हणून शपथ घेतली. कुणीही हो म्हणालं नाही, आणि त्यांचा त्यांना रागही आला नाही. मग एका दुपारी उपकेंद्राला आतून कडी लावली, बाळाच्या वजनकाट्यावर मोबाइल टेकवला, हातावरचं गोंदण ओळखू येऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी मारली, आणि चोळीची बटणं काढली. नऊ मिनिटांचं चित्र. बोटं कुठून फिरवायची, किती दाबायचं, काखेत कुठं बघायचं. बोलणं त्यांचं, हे त्या कुणापासून लपवत नव्हत्या. अंगही त्यांचंच, हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी न्हाणीत त्यांच्याच बोटाला चिंचोका लागला. डावीकडे. मिरजेला ऑपरेशन झालं. डावीकडचं सगळं गेलं.

तेव्हापासून त्यांनी ते चित्र पाहिलं नव्हतं. चिपा भरायला त्या एका मोबाइलवाल्याकडून शिकल्या होत्या. पडद्यावर नुसती निळी पट्टी पुढं सरकते, आत काय आहे ते उघडायची गरज नसते. पट्टी भरली की चिप काढायची, कापसात गुंडाळायची, पाकिटात घालायची.

"चला," नाथाजी लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला, रुमालानं पडदा पुसला. "पंच, फुडं या. काय दिसतंय ते मिन्टा-मिन्टाला सांगायचं, मी लिवणार."

नानासोंनी खुर्ची उचलून पुढं घेतली. "सिस्टरांनी केलंय म्हंजे चांगलंच आसंल," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण खुर्ची ठेवताना त्यांनी ती पडद्यासमोर नीट मधोमध ठेवली, तेही शालूबाईंनी पाहिलं. यांच्या दोन्ही मुली शालूबाईंनी या हातांवर घेतल्या होत्या. दुसरी झाली तेव्हा हा माणूस उपकेंद्रामागं जाऊन बसला होता, आणि शालूबाईंनी दंडाला धरून आणून मुलगी त्याच्या हातात दिली होती. "घे. आन् तोंड सरळ कर." तेव्हापासून नानासो वाटेत भेटले की सायकलवरून उतरायचे.

आता ते पानपट्टीवाल्याशेजारी बसणार, आणि मिनिटा-मिनिटाला सांगणार. पहिलं मिनिट: बाई दिसते.

नाथाजींनी चिप यंत्रात सरकवली.

"थांबा." शालूबाई उठून उभ्या राहिल्या. पिशवी खाली पडली, आतली चार पिवळी पाकिटं फरशीवर पसरली. "थांबा नाथाजी. लावू नका."

"काय झालं?"

"ती बाई मी हाय."

पंख्याचं एक पातं तारेला घासत होतं, त्याची टिक टिक तेवढी चालू राहिली. पानपट्टीवाल्यानं तोंडातली सुपारी चावायची थांबवली. वीरधवलनं भिंतीवरून पाठ काढली, आणि मग कुठं बघावं हे न कळून आपल्या बुटांकडे बघितलं.

सगळ्यात आधी नानासो हलले. त्यांनी खुर्ची उचलली, आवाज न करता, होती तिथं नेऊन ठेवली. मग खुर्चीचीही नजर नको म्हणून की काय, भिंतीकडे तोंड करून ठेवली. "मी चा सांगतो," एवढं म्हणून बाहेर गेले. पानपट्टीवाल्याला दंडाला धरून सोबत नेलं.

साहेबांनी स्वतः लॅपटॉपचं झाकण पाडलं. "बाई," ते हळू म्हणाले, "कुणाला वाचवायला तुम्ही हे अंगावर घेत असाल तर सांगा. उद्या कोर्टात पहिला प्रश्न तोच येईल. तुम्हीच कशावरून?"

"बाया पंच आणा. त्या चित्र बघतील आन् मला बघतील. खांद्याखाली चामखीळ हाय, पोटावर वळ हाय. उजवीकडं ताडून बघाय भरपूर हाय." उजवीकडं हा शब्द त्यांच्या तोंडातून जरा जोरात गेला.

साहेबांनी दारातल्या महिला शिपायाकडे बघितलं. "प्रांजल, बाजार भरलाय. दोन जाणत्या बायका घेऊन या. काय काम आहे ते आधी सांगा, नाही म्हणाल्या तर दुसऱ्या बघा." मग खाली वाकून फरशीवरचं एक पाकीट त्यांनी उचललं. "ही पण तीच?"

"व्हय. जाताना हितल्याच पोस्टात टाकणार हुते. चार बाया वाट बघत्यात साहेब."

"ही ठेवून घ्यावी लागतील. अभिप्राय येईपर्यंत एकही पाठवायची नाही. तसं लिहून सही द्यावी लागेल."

"अभिप्राय कवा येतो?"

साहेबांनी हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं. उरलेली तीन पाकिटं शालूबाईंनी स्वतःच गोळा केली, कडा जुळवून टेबलावर ठेवली.

बाया येईपर्यंत त्या व्हरांड्यात येरझारा घालत राहिल्या. या खांबापासून त्या खांबापर्यंत आठ पावलं. चहा आला, नानासोंनी स्वतः आणला. कप कठड्यावर ठेवला आणि खाली मान घालून माघारी गेले. चहा तसाच निवला.

वीरधवल मोटारसायकलपाशी उभा होता. किल्ली लावलेली, पण बसत नव्हता. शेवटी जवळ आला.

"सिस्टर. तिनं कशापायी मागवलं आसंल?"

"मला फोनवर येवढंच म्हणाली, माज्याच हातात द्या."

"तिला काय झालंय का?"

"मला न्हाई ठावं रं बाबा. तू इचारलंस का?"

त्यानं किल्ली बोटात फिरवली. "म्या परवा तिला म्हायेरी धाडली. आईसमोर लय बोललो."

"किती लांब हाय म्हायेर?"

"अर्धा तास."

"मग हितं काय करतूस?"

सलाम करावा की पाया पडावं असं काहीतरी त्याच्या हातात आलं आणि तसंच विरलं. मोटारसायकल धूळ उडवत गेली.

प्रांजल दोन बायांना घेऊन आली. भामाबाई मेथीच्या जुड्या शेजारणीवर सोपवून आली होती, हाताला अजून माती. दुसरी राजमतीबाई, कापड दुकानाच्या मालकीण. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, चेहरा असा की हे लवकर उरकावं. मागच्या बाजूला महिला शिपायांची कपडे बदलायची खोली होती, तिथं लॅपटॉप ठेवला. प्रांजलनं दाराला कडी घातली, खिडकीवर टॉवेल टाकला. एक बाकडं, एक खुर्ची. खुर्ची शालूबाईंना दिली. त्यांनी ती पडद्याला पाठ करून फिरवली.

चित्र सुरू झालं. स्वतःचाच सहा वर्षांपूर्वीचा आवाज शालूबाईंना मागून ऐकू येऊ लागला. "बायांनो, लाजायचं काय न्हाई. आपलंच अंग हाय."

"अगं बया," भामाबाई म्हणाली.

राजमतीबाईंनी नजर खाली घातली. मग दोन मिनिटांनी वर केली. चौथ्या मिनिटाला त्या पुढं वाकल्या. प्रांजल वहीत लिहीत होती, वेळ आणि वाक्य, वेळ आणि वाक्य. नऊ मिनिटं संपली आणि कुणीच उठलं नाही.

"गाठ दुखती का वो?" भामाबाईनं विचारलं.

"न्हाई," शालूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "न दुखणारीच वंगाळ."

भामाबाई पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "ते काखंतलं काय दावलं, ते पुन्यांदा लावा."

प्रांजलनं राजमतीबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "लावा की. नीट पाहिल्याशिवाय मी सही करत नसते."

प्रांजलनं ते दोनदा लावलं. मग चित्र पहिल्या मिनिटावर आणून थांबवलं आणि उगाच पेनचं टोपण घातलं, काढलं. तिला काय म्हणायचंय ते शालूबाईंना कळलं. त्या उठल्या. पदर काढून खुर्चीवर ठेवला. चोळीची बटणं त्यांनी एकेक करून सावकाश काढली. आतली कापसाची उशी काढून पदरावर ठेवली. मग वळल्या.

भामाबाईनं मातीचा हात तोंडावर नेला. राजमतीबाई बाकड्यावरून उठून उभ्या राहिल्या, कुणी मोठं माणूस खोलीत आल्यावर उठावं तशा.

"उजव्या खांद्याखाली चामखीळ," प्रांजल लिहिता लिहिता वाचत होती. "आहे. पोटावर आडवा जुना वळ. आहे. उजवा स्तन..." तिनं पडद्याकडे, मग समोर बघितलं. "जुळतो. सिस्टर, डावीकडं... काय लिहू?"

"चित्रातली बाई आन् समोरची बाई एकच, आसं लिव."

"ते लिहिते. पण डावीकडचं लिहावं लागंल. पंचनाम्यात तफावत राहिली तर..."

शालूबाईंनी आता पहिल्यांदा पडद्याकडे बघितलं. दुपारच्या उन्हात, वजनकाट्यासमोर, मानेखालची एक सावळी बाई धडधाकट बसली होती. दोन्ही बाजूंनी भरलेली.

"त्या वेळी होता, आसं लिव," त्या म्हणाल्या.

प्रांजलनं लिहिलं. अक्षर नीट काढलं. दोन्ही बायांनी सह्या केल्या. भामाबाईनं आधी हात साडीला पुसला, मग नाव लिहिलं. प्रांजलनं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला आणि शालूबाईंचं तोंड बघून तो तिथंच थांबवला.

दारावर टकटक झाली. "झालं का गं?" बाहेरून नाथाजी म्हणाले. "मुद्देमाल सील करायचाय. लाख गार व्हायली."

प्रांजलनं शालूबाईंकडे बघितलं. मग दाराकडे तोंड करून, ठाण्यात आल्यापासून जेवढा चढवला नव्हता तेवढा आवाज चढवून ती म्हणाली, "न्हाई काका. अजून बघायचं चाललंय."

आणि तिनं चित्र पुढं सोडलं.